लेकराच्या दातांची घडण: काय मोजायचं, काय पाहायचं, कधी दाखवायचं

दात किडला की ठणकतो, म्हणून घरात कळतो. पण दात मुळातच कमी असणं, एखादा जास्तीचा असणं, भलत्याच आकाराचा घडणं किंवा हाडातच अडकून बसणं, यातलं काहीच दुखत नाही. पोरगं सातवी-आठवीत जातं, फोटोत ओठ मिटून हसायला लागतं, तेव्हा कुठे घरच्यांचं लक्ष जातं. तोवर सोप्या उपायाची वेळ बरेचदा निघून गेलेली असते. खरं तर यातल्या बहुतेक गोष्टी घरी किंवा अंगणवाडीत लक्षात येऊ शकतात. त्याला दोनच कामं लागतात: दात मोजायचे आणि डावी बाजू उजव्या बाजूशी ताडून पाहायची.

तोंड तपासायचं कसं

तीन वर्षांच्या आतलं मूल स्वतःहून तोंड उघडून बसत नाही. दोन मोठ्या माणसांनी गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसायचं. मूल आईच्या मांडीवर, तिच्याकडे तोंड करून, पाय तिच्या कमरेभोवती. मग त्याला हळूच मागे झुकवून डोकं दुसऱ्याच्या मांडीवर घ्यायचं. हात आईने धरायचे. मूल रडलं तरी चालेल, रडताना तोंड आपोआप उघडतं. ओसरीतला दिवसाचा उजेड सगळ्यात चांगला, सोबत मोबाइलची बॅटरी. हात साबणाने धुवून, बोटाला ओला स्वच्छ कपडा गुंडाळून आधी वरचा ओठ उचलायचा.

मोजणी मधल्या रेषेपासून मागे करायची. तोंडाचे चार भाग धरा: वर उजवा, वर डावा, खाली डावा, खाली उजवा. दुधाच्या दातांत प्रत्येक भागात पाच: दोन पटाशीचे, एक सुळा, दोन दाढा. चार पंचे वीस. वहीत चार चौकोन काढा आणि प्रत्येकात आकडा, हलणारा दात, डाग, फट असं तारखेसह लिहा. दर सहा महिन्यांनी समोरून, वरून आणि खालून असे तीन फोटो काढून ठेवले तर डॉक्टरांचं अर्धं काम तिथेच होतं.

वेळापत्रक आणि त्यातली गफलत

खालचे पुढचे दात साधारण ६ ते १० महिन्यांत, वरचे पुढचे ८ ते १२ महिन्यांत येतात. पहिल्या दाढा १३ ते १९ महिन्यांत, सुळे १६ ते २३ आणि मागच्या दाढा २३ ते ३३ महिन्यांत. तीन वर्षांचं मूल झालं की वीस भरायला हवेत. वरचे आधी आले तर मामाला वाईट, हे सोडून द्या. क्रम थोडा मागेपुढे होतोच. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाचं वय मात्र डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून धरा.

वर्ष उलटलं आणि एकही दात नाही, तर पुढच्या लसीकरणाच्या वेळी दाखवा. दीड वर्षापर्यंतही नसेल तर थांबू नका. अशा वेळी फक्त हिरडी पाहून भागत नाही. वजन-उंची, डोक्यावरची टाळू भरली का, बाळ बसायला-चालायला उशिरा लागलं का, हे पाहून थायरॉइड आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करावी लागते. हिरडी चिरून दात लवकर येत नाही, जखम तेवढी होते. दात येताना लाळ गळते, हिरडी शिवशिवते, कधी हिरडीवर निळसर फोडही येतो. तो दातासोबत आपसूक फुटतो, टोचायचा नाही. पण पातळ संडास आणि अंगात भरलेला ताप दातामुळे येत नाही. "दात येऊन राहिले" म्हणून जुलाब अंगावर काढले तर बाळ सुकतं. जलसंजीवनी सुरू करा आणि दवाखाना गाठा.

पक्क्या दातांत सर्वांत मोठी गफलत सहाव्या वर्षीच्या दाढेची होते. ती शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरात ती दुधाचीच समजली जाते आणि किडली तरी "पडेल आपोआप" म्हणून सोडली जाते. ती पडत नाही. त्याच सुमारास, म्हणजे ६ ते ७ वर्षांत, खालचे पुढचे दात बदलतात. वरचे मधले ७ ते ८, त्यांच्या शेजारचे ८ ते ९, खालचे सुळे ९ ते १०, दुधाच्या दाढांच्या जागेवरचे १० ते १२, वरचे सुळे ११ ते १२ आणि सहाव्या वर्षीच्या दाढेमागची दाढ १२ ते १३ वर्षांत.

वर्षभराचा मागेपुढेपणा चालतो. एका बाजूचा दात येऊन सहा महिने झाले तरी जोडीचा दुसरा नाही, हे मात्र चालत नाही. वरचा मधला दात आलाच नाही आणि शेजारचा आधी आला, तर सहा महिन्यांचीही वाट पाहू नका.

जन्मतःच दात

बाळ दात घेऊन आलं की घरात कुजबुज सुरू होते. त्यात अपशकुन काही नाही. बहुतेकदा तो जास्तीचा दातही नसतो. खालचा दुधाचाच दात वेळेआधी बाहेर आलेला असतो. म्हणून तो काढला तर ती जागा पक्का दात येईपर्यंत रिकामी राहते.

पाहायच्या गोष्टी तीन. दात किती हलतो, जिभेच्या खाली जखम झाली का, आणि आईला पाजताना चावा बसतो का. दात घट्ट असेल तर ठेवायचा. धार टोचत असेल तर दंतवैद्य ती घासून गुळगुळीत करतात, जिभेखालची जखम त्यानेच भरते. दात लोंबकळत असेल तर तो घशात जाऊन श्वासनलिकेत अडकण्याची भीती, म्हणून काढावा लागतो. तो दाईने दोऱ्याने ओढायचा नाही. पहिल्या दहा दिवसांत नवजात बाळाचं रक्त लवकर गोठत नाही. जन्मल्यावर के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं होतं का, हे बाळंतपणाच्या कागदावर पाहूनच डॉक्टर हात लावतात. दूध तोडू नका.

जास्तीचा दात

वरच्या दोन मधल्या दातांच्या मध्ये खिळ्यासारखा निमुळता दात, हे याचं नेहमीचं रूप. मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त सापडतो. बाहेर आला तर दिसतो तरी. खरा त्रास तो हाडात लपून राहिला की होतो: पक्का दात अडतो, वळतो, किंवा दोन दातांमध्ये मोठी फट राहते.

सात-साडेसात वर्षांच्या मुलाचा वरचा एक मधला दात आलाय आणि दुसऱ्या बाजूला दुधाचाच घट्ट बसलाय, किंवा नुसती हिरडी दिसते, तर एक्स-रे हवाच. एका फिल्मवर दात आहे एवढं कळतं. तो टाळूकडे आहे की ओठाकडे, हे ठरवायला कोन बदलून दुसरी फिल्म लागते. चिरा कुठून द्यायचा ते त्यावर अवलंबून असतं, म्हणून दुसऱ्या एक्स-रेला "उगाच खर्च" म्हणू नका.

प्रत्येक जास्तीचा दात लगेच काढत नाहीत. वाट अडवत असेल तर काढतात. खूप वर, उलटा आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात, कारण खणताना शेजारच्या कोवळ्या मुळाला धक्का लागू शकतो. काढल्यावर जागा असेल तर अडलेला दात पुष्कळदा सहा महिने ते वर्षभरात स्वतःहून उतरतो. नाही उतरला तर हिरडीत खिडकी करून, दातावर छोटी कडी चिकटवून तारेने खाली ओढतात. दहाव्या वर्षानंतर हेच काम लांबतं.

एकाच मुलात असे बरेच जास्तीचे दात, दुधाचे दात पडायलाच तयार नाहीत, आणि मूल दोन्ही खांदे छातीसमोर जवळजवळ एकमेकांना टेकवू शकतं, असं दिसलं तर गळ्याजवळची हाडंही तपासून घ्या. तो हाडांच्या घडणीचा जन्मजात आजार असतो.

कमी दात

एखाददुसरा पक्का दात मुळातच नसणं तसं दुर्मिळ नाही. अक्कलदाढ सोडली तर बहुधा वरच्या मधल्या दाताशेजारचा किंवा खालची दुधाची दुसरी दाढ पडल्यावर येणारा दात गायब असतो. एका बाजूला शेजारचा दात खुंटीएवढा बारीक असेल, तर दुसऱ्या बाजूला तो नसण्याची शक्यता धरून चाला.

इथे एक पथ्य आहे आणि ते मोडल्याचं नुकसान भरून येत नाही: किडलेली दुधाची मागची दाढ काढण्याआधी खाली पक्का दात आहे का, हे एक्स-रेवर पाहून घ्या. खाली काहीच नसेल तर तीच दाढ नस साफ करून, वर स्टीलची टोपी बसवून कित्येक वर्षं वापरता येते.

सहा किंवा जास्त दात नसतील, असलेले सुळ्यासारखे टोकदार असतील, डोक्यावर विरळ भुरे केस आणि भुवया जवळपास नाहीत, तर अजून एक प्रश्न विचारा: लेकराला घाम येतो का? त्वचा, केस, दात आणि घामाच्या ग्रंथी एकाच थरातून घडतात. तो थर घडताना बिघाड झाला की चारही गोष्टी कमी पडतात. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये याचं रूप जास्त तीव्र असतं. आईचे एक-दोन दात कमी किंवा बारीक असतात, तेही पाहा. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. घाम न येणाऱ्या मुलाला तिथे उन्हाचा तडाखा जिवावर बेतू शकतो. त्याला कारण न सापडणारा ताप वारंवार येतो, औषधाने उतरत नाही, गार पाण्याने पुसलं की उतरतो. अशा मुलाला दुपारी वावरात न्यायचं नाही. सदरा ओला करून घालायचा, पाण्याची बाटली सोबत ठेवायची आणि शाळेतल्या गुरुजींना लेखी कळवायचं.

दातांसाठी तीन-चार वर्षांच्या वयातच काढता-घालता येणारी छोटी कवळी बसवतात. जबडा वाढतो तशी ती बदलावी लागते. हाडात स्क्रू बसवून पक्के दात लावायचे तर वाढ पूर्ण होईपर्यंत थांबणं भाग आहे, नाहीतर बाकीचे दात जबड्यासोबत खाली येतात आणि तो एकटा वर राहतो.

आकार बिघडलेले

दोन दात जुळून एक झालेला रुंद दात दिसला तर त्याला एकच धरून मोजा. आकडा एकने कमी भरला तर बहुधा दोन दात जुळलेत. बरोबर भरला तर एकच दात दुभंगू पाहत होता. दुधाच्या दातांत असं दिसलं की खालचा पक्का दात गायब असू शकतो, म्हणून पाच-सहा वर्षांच्या वयात एक्स-रे काढून ठेवावा. मधली खाच लवकर किडते, ती आधीच भरून घ्यायची.

दोन छोट्या गोष्टी नजरेतून निसटतात आणि मोठं नुकसान करतात. वरच्या मधल्या दाताशेजारच्या दाताला मागच्या बाजूने कधी टाचणीच्या टोकाएवढं खोल भोक असतं. दात बाहेर आल्या आल्या ते बुजवलं नाही तर घाण थेट आत जाते आणि वरून चांगल्या दिसणाऱ्या दाताला पू होतो. दुसरी: दहा-बारा वर्षांच्या वयात दुधाच्या दाढेच्या जागी येणाऱ्या खालच्या उपदाढेच्या बरोबर मध्यभागी तांदळाच्या दाण्याएवढा उभा सुळका. चावताना तो मोडतो, आतली नस उघडी पडते आणि न किडलेला दात मरतो. हा सुळका एका फटक्यात घासून टाकायचा नाही. त्याभोवती दाताच्या रंगाचा मसाला भरून आधार देतात.

डाग: पाण्याचा, जन्माचा की वरवरचा?

कापसाने दात कोरडा करा आणि उजेडात पाहा. ओल्या दातावर पांढरे चट्टे दिसत नाहीत.

दोन्ही बाजूंना सारखे, धूसर कडांचे, आडव्या पांढऱ्या रेघा किंवा ढगाळ खडूसारखे चट्टे, काहींवर तपकिरी झाक, आणि गावातल्या बऱ्याच पोरांचे दात तसेच: हे पाण्यातून जास्त फ्लोराइड पोटात गेल्याचं लक्षण. यवतमाळ, चंद्रपूर अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे. फ्लोराइडला चव नाही, वास नाही. अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी खारट लागतं म्हणून त्यात फ्लोराइड जास्त, असं नसतं. आणि गोड लागणारं पाणी निर्धोक, असंही नसतं. तपासावंच लागतं.

नमुना काचेच्या नव्हे, प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत घ्यायचा. हातपंप आधी चार-पाच मिनिटं चालवायचा, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची, लिटरभर पाणी भरायचं, वर स्रोत आणि तारीख लिहायची. ग्रामपंचायतीत पाणी तपासायची पेटी आणि ती वापरायला शिकलेल्या महिला असतात. पक्का आकडा प्रयोगशाळेतून घ्या. भारतीय मानकात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत योग्य, आणि दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १.५.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि प्रमाण उलट वाढतं. तुरटी आणि चुना मोजून घालून ते बसवण्याची पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केली, नालगोंडा पद्धत म्हणून ती ओळखली जाते. पण त्यात तुरटीचा डोस पाण्याच्या क्षारतेनुसार बदलतो, घरी अंदाजाने माठात तुरटी फिरवून ते होत नाही. आरओ किंवा सक्रिय अ‍ॅल्युमिनाचं फिल्टर चालतं, वेळेवर देखभाल असेल तर. उथळ विहिरीत बहुतेकदा खोल बोअरपेक्षा फ्लोराइड कमी सापडतं, म्हणून दोन्हींचे नमुने द्या आणि चांगलं पाणी आधी आठ वर्षांच्या आतल्या मुलांच्या पिण्या-शिजवण्याला ठेवा. पुढच्या पक्क्या दातांना जपायचं वय तर दीड ते अडीच वर्षांच्या आसपासचं. आईच्या दुधात फ्लोराइड फार कमी उतरतं. लहानग्यांना कोरा चहा पाजू नका, चहापत्तीतही ते असतं. टूथपेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी.

पहिल्या पक्क्या दाढेवर आणि कधी पुढच्या दातांवर, स्पष्ट कडेचे पिवळट-तपकिरी ठिपके, तेही एका बाजूला जास्त, दुसरीकडे कमी: हे पाण्याचं नाही. त्या दाढेचं आवरण घडतानाच कच्चं राहिलेलं असतं. दाढ आल्याबरोबर तिचा कोपरा बिस्किटासारखा झडतो, गार पाण्याने झिणझिण्या येतात, म्हणून मूल त्या बाजूने घासत नाही आणि ती वर्षभरात किडते. उपाय पायरीपायरीने: आधी फ्लोराइडचा लेप, खाचा बुजवणं, झडत असेल तर तात्पुरतं भरण, मग स्टीलची टोपी. अशा दाढेवर भुलीचं इंजेक्शन नीट लागत नाही, हे डॉक्टरांना आधीच सांगा. दाढ वाचण्यापलीकडची असेल तर ८ ते १० वर्षांच्या दरम्यान ती काढून मागची दाढ पुढे सरकू देता येते. हा निर्णय तारा बसवणाऱ्या तज्ज्ञाचा.

एकाच पक्क्या दातावर डाग असेल तर जुनी गोष्ट आठवा: मूल पडून त्याच जागचा दुधाचा दात आत घुसला होता का, किंवा वर पू झाला होता का? सगळेच दात, दुधाचे आणि पक्केही, पिवळे-खडबडीत असतील तर आवरणाचा आनुवंशिक दोष. सगळे करडे-निळसर, पारदर्शक दिसून झिजत असतील आणि लेकराची हाडं लवकर मोडत असतील, डोळ्याचा पांढरा भाग निळा दिसत असेल, तर आधी हाडांचा आजार तपासा. लोहाच्या सिरपचा काळा डाग, चहाचा, किंवा मोठ्या पोरांत खर्र्याचा (तंबाखू-सुपारीचा), हे वरवरचे डाग. डॉक्टरांच्या साफसफाईत निघतात. आतला डाग राखोंडी, मीठ, विटकर घासून निघत नाही, आवरण तेवढं झिजतं.

अडकलेले आणि वाट चुकलेले

सहा-सात वर्षांत खालचे पक्के दात दुधाच्या दातांच्या मागून दुसरी ओळ करतात. घाबरू नका. दुधाचा हलत असेल तर पोराला जिभेने हलवत राहू द्या. दोन-तीन महिन्यांत पडला नाही, किंवा हलतच नसेल, तर काढून घ्या.

दुधाची दाढ शेजाऱ्यांपेक्षा खाली बसलेली दिसते, दर फोटोत आणखी खाली, म्हणजे ती हाडाला चिकटली आहे. शेजारचे दात तिच्यावर कलायच्या आत दाखवा.

वरच्या सुळ्यासाठी दहाव्या वाढदिवसाच्या आसपास बोटाची तपासणी करा. दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठाच्या बाजूने हिरडीवर बोट फिरवा. दोन्हीकडे गोल फुगवटा लागायला हवा. एकीकडे लागतो आणि दुसरीकडे अकरापर्यंतही नाही, तर सुळा टाळूकडे वळला असावा. या वयात नुसता दुधाचा सुळा काढल्याने तो पुष्कळदा वाटेवर येतो. तेरानंतर ती शक्यता कमी होते आणि शस्त्रक्रिया व तारांवर वेळ येते.

चार-पाच वर्षांच्या आत, न आपटता, दुधाचा दात लांब मुळासकट पडला तर तो कौलावर टाकू नका, डबीत कोरडा ठेवा. हाडांचा किंवा हिरडीचा एखादा आजार त्यातून ओळखता येतो. तळहात-तळपाय जाड, भेगाळलेले असतील तर तेही दाखवा.

दाखवायला जाताना

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून अंगणवाडी आणि शाळांमध्ये १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं. अंगणवाडीत ते वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. पथक दिवसाला बरीच मुलं पाहतं, त्यामुळे "दात पाहा" म्हणण्यापेक्षा वही पुढे करून "उजवीकडचा वरचा मधला दात नऊ महिने मागे आहे" असं सांगा. तिथून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. शस्त्रक्रिया, कवळी, तारा यांसाठी नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा वर्ध्याजवळचं सावंगी (मेघे) इथलं दंत महाविद्यालय. खिडकीवर "लहान मुलांच्या दातांचा विभाग" असं स्पष्ट सांगा, नाहीतर दात काढायच्या रांगेत उभे राहाल.

सोबत वही, फोटो, जुने एक्स-रे, लसीकरण कार्ड न्या. घरात कुणाचे दात कमी असतील तर तेही सांगा. लेकराला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर त्याचं कार्ड सगळ्यात वर ठेवा. अशा मुलाला दात काढायच्या दिवशी तहानलेलं ठेवायचं नाही, गारठ्यात बसवायचं नाही, रोजची गोळी बंद करायची नाही. पू झाला असेल तर तो अंगावर काढायचा नाही, त्यातून वेदनेचा झटका येऊ शकतो. पूर्ण भूल द्यायची असेल तर किती तास उपाशी ठेवायचं आणि सलाइन कधी लावायचं, हे आदल्या दिवशीच विचारून घ्या. तपासणी न झालेलं मूल असेल आणि घराण्यात सिकलसेल असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी रक्त तपासून मगच दाताची तारीख घ्या.